दियामाँ न्वार (२०१६): अँटवर्प, हिरे आणि उलमान घराण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा फ्रेंच पिक्चर नक्की आहे कशावर?

पिएर उलमान नावाचा पॅरिसमधला तरुण आहे, बांधकामाच्या साइटवर मिळेल ते काम करतो आणि रात्री रशीद नावाच्या माणसासाठी घरफोड्या करतो. रशीद सोडला तर त्याला जवळचं असं कोणी नाही. एक दिवस त्याचा बाप रस्त्यावर मेलेला सापडतो, कित्येक वर्षं हालात काढून शेवटी तसाच गेलेला. हा बाप म्हणजे व्हिक्टर, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका श्रीमंत हिरे व्यापारी घराण्यातला मुलगा. लहान वयात हिरे घासायच्या चाकावर त्याचा हात कायमचा निकामी झाला, नंतर तो घराबाहेर पडला, आणि मुलासाठी मागे ठेवलं ते फक्त एवढंच की माझ्या माणसांनी मला हाकललं. मग चुलत भाऊ गाबी पिएरला अँटवर्पला बोलावतो, घराण्याच्या ऑफिसचं नूतनीकरण करायचंय म्हणून. पिएर जातो, पण डोक्यात काम नसतं, हिशोब चुकता करायचा असतो. गोष्ट इथून सुरू होते आणि पुढचं मी इथे सांगणार नाहीये.

म्हणजे स्पॉइलर नाहीत ना?

शेवट फोडलेला नाही. वर जे लिहिलंय ते पहिल्या थोड्या वेळात कळतंच, आणि हाताचा अपघात तर अगदी सुरुवातीलाच आहे.

चोरीचा पिक्चर आहे की घरगुती ड्रामा?

दोन्ही, पण चोरी बघायला बसलात तर पहिला तासभर चुळबुळ होईल. तिजोरी कशी फोडतात, लेझर कसे चुकवतात असलं यात फार नाही. आपल्याकडे भाऊबंदकी म्हटलं की जे सगळं डोळ्यासमोर येतं, म्हणजे कोणाचा हिस्सा कोणी खाल्ला, आजोबांनी कोणाला जवळ केलं, कोणाला कायम दारातूनच परत पाठवलं आणि ते तीस वर्षांनी सुद्धा कोणी विसरलेलं नाही, ते सगळं इथे आहे, फक्त जमिनीच्या जागी हिरे आहेत. माझ्या मते ही आधी एका मुलाच्या दुःखाची गोष्ट आहे आणि गुन्हा त्या दुःखाला सापडलेली वाट आहे. म्हणून चोरीचं प्लॅनिंग चालू असताना सुद्धा आपण घड्याळाकडे बघत नाही, पिएरच्या तोंडाकडे बघत राहतो.

पिएरला बाप गेल्याचं वाईट वाटतंय असं दिसतच नाही, असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाप जिवंत असताना सुद्धा त्याच्या वाट्याला धड आला नव्हता, त्यामुळे रडायला लागतात तशा आठवणीच त्याच्याकडे नाहीत. ज्याच्यासोबत राहिलो, भांडलो, जेवलो त्याच्यासाठी माणूस रडू शकतो. इथे हातात आहे फक्त एक ऐकलेली गोष्ट, की काकाने आणि आजोबांच्या घराने बापाची वाट लावली. मग तो ती गोष्टच घट्ट धरून बसतो, कारण ती सोडली तर बापाचं काहीच उरत नाही. सूड हा त्याचा शोक आहे असं मी म्हणेन. आणि म्हणूनच अँटवर्पला गेल्यावर जेव्हा त्याला ती माणसं प्रत्यक्ष दिसतात, त्यातलं कोणी प्रेमाने बोलतं, कोणी जेवायला बसवतं, कोणी काम शिकवतं, तेव्हा त्याची खरी पंचाईत होते, शत्रू म्हणून ज्यांना मनात ठेवलं ते रक्ताचे निघतात आणि स्वतःचा चेहरा त्यांच्यात दिसायला लागतो. नील्स श्नायडरने हे जवळजवळ न बोलता केलंय. जबडा आवळलेला, नजर खाली, आणि हात सतत कशात तरी गुंतलेले. त्याला या कामासाठी २०१७ मध्ये सेझार, म्हणजे फ्रान्सचा मोठा चित्रपट पुरस्कार, मिळाला, सर्वात आश्वासक अभिनेत्याचा, आणि तो मिळायलाच हवा होता.

सगळे हातांबद्दल का बोलतात?

कारण पिक्चरच हातांवर रचलाय. बापाचा हात गेला आणि त्याच्यासोबत त्याची घरातली जागा गेली. मुलगा हाताने भिंती फोडतो, हाताने कुलपं फोडतो, आणि अँटवर्पला रिक द व्ह्रीस नावाचा जुना कारागीर त्याच्या हातात हिरा देतो. तिथून जे सीन आहेत ते मला सगळ्यात आवडतात. ज्या कामाने बापाला बरबाद केलं तेच काम हा शिकतोय, मन लावून शिकतोय, आणि त्याला ते जमतंय! चोरायला आलेल्या माणसाला तिथलं काम आवडायला लागणं, ही खरी अडचण आहे त्याची. लुईसा आहे, गाबीच्या आयुष्यातली, तिच्याकडे तो ओढला जातो तो भाग ठीक आहे, पण रिकच्या टेबलाजवळ पिक्चर जेवढा जिवंत होतो तेवढा तिथे होत नाही असं माझं मत.

रशीद कोण? चांगला की वाईट?

बापाच्या जागी आहे तो. पिएरला त्याने सांभाळलं, आणि त्याचा वापर सुद्धा केला, दोन्ही खरं. त्याचा निरोप साधा असतो, तिथे जा, बघ, आणि घेऊन ये. म्हणजे पिएरला दोन घरं आहेत, एक रक्ताचं जिथे त्याला कधी घेतलंच नाही आणि एक चोरांचं जिथे त्याला घेतलं पण फुकट नाही. ही भूमिका अब्देल हाफेद बेनोत्मान यांनी केली, ते मुळात लेखक, पॅरिसमध्ये अल्जेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेले, आणि दरोड्यांसाठी आयुष्यातली बरीच वर्षं खरोखर तुरुंगात काढलेले. २०१५ मध्ये ते गेले, पिक्चर थेटरात यायच्या आधीच. रशीद बोलतो तेव्हा त्याला काही सिद्ध करायचं नसतं, आवाज चढवायची गरज पडत नाही, ते कुठून येतं हे कळतं मग.

गोष्ट अँटवर्पमध्येच का? पॅरिस चाललं नसतं का?

नाही चाललं असतं, कारण हिऱ्याच्या धंद्याचं जे गाव आहे ते हेच. पंधराव्या शतकापासून इथे हिरे येतायत. एक दंतकथा आहे की लोडेवेक व्हान बेर्केन नावाच्या माणसाने तेव्हा हिरा हिऱ्याच्याच पुडीने घासायचं चाक शोधून काढलं, त्याचा पुतळा मीर नावाच्या मोठ्या बाजाररस्त्यावर आहे. मग १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, कच्चा माल धो धो यायला लागला, पूर्व युरोपातून छळाला कंटाळून निघालेली ज्यू कुटुंबं इथे येऊन या धंद्यात शिरली, आणि आजूबाजूच्या केम्पेन भागातल्या खेड्यांमध्ये घरोघरी हिरे घासायचं काम सुरू झालं. १९४० मध्ये नाझी आले, १९४२ पासून ज्यूंना पकडून छळछावण्यांकडे नेलं, आणि युद्धानंतर जे वाचले, परतले, त्यांनी तो धंदा परत उभा केला. त्यामुळे अँटवर्पच्या जुन्या हिरे पेढीत बसलेला म्हातारा म्हणजे नुसता श्रीमंत माणूस नाही, त्याच्या मागे कोण वाचलं आणि कोण नाही याचा मोठा इतिहास असतो. हे लक्षात ठेवून पिक्चर बघा, घराण्याचं नाव, घराण्याची अब्रू यावर ती माणसं एवढी का अडून बसतात ते समजतं.

आणि हे सगळं रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या तीनचार गल्ल्यांमध्ये आहे, होव्हेनिर्सस्ट्राट, रैफस्ट्राट, स्खुपस्ट्राट वगैरे. चार हिरे बाजार म्हणजे बोर्स तिथेच, त्यातला सगळ्यात जुना १८९३ चा. एवढ्याशा जागेत सगळे एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात, कोणाचा मुलगा बिघडला हे संध्याकाळपर्यंत पूर्ण गल्लीला कळतं.

खरंच नुसता हात मिळवून लाखोंचे सौदे होतात का?

हो. सौदा ठरला की हात मिळवायचा आणि माझल उ ब्राखा म्हणायचं, म्हणजे नशीब आणि आशीर्वाद. शब्द हिब्रू आहेत पण म्हणणारा गुजराती जैन असो नाहीतर लेबनीज, सगळे हेच म्हणतात, आणि हे म्हटलं की मागे फिरता येत नाही. हिरे दुमडलेल्या कागदाच्या पुडीत येतात, दलाल ती पुडी घेऊन फिरतो, घेणाऱ्याने भाव बोलला की पुडी बंद करून त्याच्यावर तो भाव लिहितात आणि उत्तर येईपर्यंत तो माल दुसऱ्या कोणाला दाखवायचा नसतो. शब्द मोडला तर बोर्सच्या पंचांसमोर उभं राहायला लागतं, तिथून हकालपट्टी झाली तर जगातल्या बाकी बोर्सचे दरवाजे पण बंद होतात.

आता हे पिएरच्या बाजूने बघा. जो धंदा विश्वासावर चालतो तिथे आडनावच सगळ्यात मोठी चावी असते. बाहेरच्या चोराला जे दहा वर्षांत जमणार नाही ते उलमान आडनावाच्या पोराला एका जेवणात जमतं. पुन्हा हातच आला बघा, बापाचा निकामी झाला तो आणि इथे शब्द दिल्यावर पुढे होतो तो.

हिरा एवढा कठीण तर कापतात कशाने?

हिऱ्यानेच. कच्चा हिरा बरेचदा दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडल्यासारख्या आकाराचा असतो, आठ बाजूंचा. आधी त्याचा नुसता अभ्यास करायचा, आत भेग कुठे आहे, डाग कुठे आहे, त्यातून किती मोठा खडा निघेल, त्यात दिवस जातात आणि मोठ्या हिऱ्याला महिने. मग खूण करतात, मग करवतीने किंवा आता लेझरने दोन भाग, मग दोन हिरे एकमेकांवर घासून गोल आकार, आणि शेवटी पैलू पाडायचे. पैलू पाडायचं चाक लोखंडाचं, आडवं, मिनिटाला हजारो फेरे घेणारं, त्याच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड. यात गंमत अशी की हिरा सगळ्या दिशांना सारखा कठीण नसतो, लाकडाला जसा धागा असतो तसा त्यालाही असतो, योग्य दिशेने धरला तर घासला जातो आणि चुकीच्या दिशेने धरला तर चाकच खराब होतं. कारागीर दर थोड्या वेळाने उचलतो, दहापट भिंगातून बघतो, परत ठेवतो. गोल ब्रिलियंट म्हणजे नेहमीच्या गोल घडणीच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात, त्याची मापं मार्सेल तोल्कोव्स्की नावाच्या अँटवर्पच्याच घराण्यातल्या माणसाने १९१९ मध्ये गणित करून मांडली. आणि एवढं करून कच्च्या खड्याचं निम्म्याच्या आसपास वजन भुकटी होऊन जातं. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यातलं निम्मं हवेत! म्हणून पहिला घाव घालायच्या आधी कारागिराच्या पोटात जो गोळा येतो तो खरा असतो, पिक्चरमध्ये सुद्धा तो ताण बरोबर पकडलाय.

यात भारतीय व्यापारी कसा आला? उगाच घुसवलाय का?

अजिबात नाही, उलट तो नसता तर खोटं वाटलं असतं. गोपाळ नावाचा व्यापारी आहे, ती भूमिका रघुनाथ मानेत यांनी केलीय, पुदुच्चेरीचे भरतनाट्यम नर्तक आणि वीणावादक, फ्रान्समध्ये नाव असलेले. उलमान मंडळींना त्याच्यासोबत धंदा करायचाय आणि त्यातूनच घरातल्या बापलेकांमधला पिढ्यांचा ताण वर येतो.

खऱ्या अँटवर्पमध्ये १९६० च्या दशकापासून भारतीय यायला लागले, बहुतेक गुजरातमधल्या पालनपूरचे जैन. त्यांनी सुरुवात केली बारीक हिऱ्यांपासून, ज्याच्यात मजुरी जास्त आणि नफा कमी म्हणून इथले मोठे लोक लक्ष देत नव्हते. तो माल सुरतला पाठवायचा, तिथे स्वस्तात पैलू पाडून घ्यायचे आणि परत आणून विकायचे. हळूहळू तेच अँटवर्पच्या बाजारातले सगळ्यात मोठे झाले, विलरेक भागात त्यांचं संगमरवरी जैन मंदिर आहे. केम्पेनमधली घरोघरची चाकं बंद पडली ती याच काळात, आज जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पाडले जातात. म्हणजे रिक द व्ह्रीससारखा म्हातारा जेव्हा एका पोराला शेजारी बसवून शिकवतो तेव्हा तो संपत आलेलं काम शिकवतोय, हे आपल्याला जास्त टोचायला हवं कारण ते काम आपल्या बाजूला आलंय.

मुंबईचा यात काही संबंध?

सरळ संबंध आहे. सुरतेत पैलू पाडलेला माल मुंबईतून जगात जातो. आधी हा बाजार ऑपेरा हाऊसला होता, पंचरत्न बिल्डिंगच्या खाली रस्त्यावर उभं राहून पुड्या उघडून बघणारी गर्दी ज्यांनी चर्नी रोडला उतरून बघितलीय त्यांना अँटवर्पच्या गल्ल्या लगेच ओळखीच्या वाटतील. २०१० पासून बीकेसीला भारत डायमंड बोर्स सुरू झालं आणि बहुतेक ऑफिसं तिकडे हलली. सुरत मुंबई दरम्यान माल नेणारे आंगडिया पण असेच शब्दावर चालणारे, रात्रीच्या गाडीने करोडोंचा माल नेतात. हा धंदा दोन्हीकडे नात्यागोत्यावर चालतो, त्यामुळे घरातलं भांडण म्हणजे धंद्यातलं भांडण, ते आपल्याला समजावून सांगायला लागत नाही.

अशी चोरी खरंच कधी झालीये का?

झालीये, आणि पिक्चरपेक्षा मोठी. १५-१६ फेब्रुवारी २००३ च्या वीकेंडला अँटवर्प डायमंड सेंटरच्या तळघरातली तिजोरी रिकामी झाली, शंभरहून जास्त लॉकर फोडले, माल दहा कोटी डॉलरच्या वर असल्याचा अंदाज. त्यातला मुख्य माणूस लिओनार्दो नोतारबार्तोलो, इटलीतल्या तुरीनचा, त्याने आधी दोनेक वर्षं हिरे व्यापारी म्हणून त्याच बिल्डिंगमध्ये ऑफिस भाड्याने घेतलं होतं आणि रोज येऊनजाऊन सगळं बघत होता. पकडला गेला तो कचऱ्यामुळे, हायवेजवळच्या झाडीत टाकलेल्या पिशव्यांमध्ये तिथलीच कागदपत्रं आणि अर्धवट खाल्लेलं सँडविच सापडलं. दहा वर्षं शिक्षा झाली, बहुतेक हिरे आजपर्यंत मिळालेले नाहीत. पिक्चर या घटनेवर बेतलेला नाही, पण मुद्दा तोच, तिथे शिरायला आधी तिथला व्हावं लागतं.

ब्लड डायमंडचा विषय आहे का यात?

तो याचा विषय नाही. १९९० च्या दशकात अंगोला, सिएरा लिओनमधल्या युद्धांचे हिरे अँटवर्पमधून सुद्धा गेले, त्यावरून बोंब झाली आणि २००३ पासून किंबर्ली प्रोसेसचं, म्हणजे कच्चा माल अशा युद्धांमधला नाही असं सांगणारं, सर्टिफिकेट आलं. पिक्चर घराच्या आतच राहतो आणि तेच बरोबर केलं, दोन्ही विषय एकत्र कोंबले असते तर कुठलाच धड झाला नसता.

दिग्दर्शक कोण? नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय

आर्थर हरारी. हा त्याचा पहिला पूर्ण लांबीचा पिक्चर, आणि त्याला पहिल्या पिक्चरच्या सेझारचं नामांकन होतं. नाव ऐकलं असेल ते ॲनाटॉमी ऑफ अ फॉलमुळे, तो जस्टिन ट्रिएसोबत त्याने लिहिला, २०२३ मध्ये कान महोत्सवात पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार आणि २०२४ मध्ये ओरिजिनल स्क्रीनप्लेचं ऑस्कर. मधे २०२१ मध्ये ओनोडा केला, युद्ध संपलं तरी जंगलात लढत राहिलेल्या जपानी सैनिकावर. तिन्हीत मला एक धागा दिसतो, माणूस स्वतःला एक गोष्ट सांगतो आणि पुरावे समोर आले तरी ती सोडत नाही. पिएर त्यांच्यातला पहिला. कॅमेरा त्याचा भाऊ टॉम हरारीचा.

दिसायला कसा आहे? फ्रेंच पिक्चर म्हणजे राखाडी आणि संथ ना?

संथ आहे थोडा, राखाडी नाही. रंग गडद, लाल निळे असे पडद्यावर येतात की जुन्या मेलोड्रामाची आठवण व्हावी, आणि हिरा अगदी जवळून दाखवतात तेव्हा आत दुसरं जग असल्यासारखं वाटतं. डोळा आणि हिरा हे सतत एकमेकांच्या जागी येतात, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

कुठल्या भाषेत आहे, सबटायटल लागतील का?

मुख्य फ्रेंच, पण मधेमधे जर्मन, फ्लेमिश (म्हणजे बेल्जियममधली डच), इंग्रजी पण येते, अँटवर्पच्या ऑफिसात असतं तसंच. डब केलेला शक्यतो बघू नका. घरातला कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतोय यावरून कोण आतला कोण बाहेरचा कळतं, आणि गाबीचं काम करणारा ऑगस्ट डील जर्मन नट आहे, त्याच्या फ्रेंचचा वेगळा लहेजा डबिंगमध्ये मरून जातो. काका जोसेफ झालेले हान्स पीटर क्लोस पण जर्मनच.

पोरांसोबत बघता येईल?

नको, मोठ्यांचा पिक्चर आहे. अपघाताचा सीन तर मोठ्यांना पण जड जातो.

आज अँटवर्पची काय स्थिती आहे?

पिक्चर आला तेव्हापेक्षा अवघड. प्रयोगशाळेत बनवलेले हिरे स्वस्त होत गेले आणि खाणीच्या हिऱ्यांचे भाव त्यांनी खाली ओढले, दुबई मोठी झाली, जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर युरोपची बंदी आली ज्याने अँटवर्पचा एक मोठा पुरवठाच तुटला. सुरतेने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचं प्रचंड डायमंड बोर्स उघडलं पण मंदी तिकडेही आहे, कारागिरांच्या घरात ती थेट पोचते.

तिकडे गेलो तर या गल्ल्या बघता येतात का?

येतात. अँटवर्प सेंट्रल स्टेशन, १९०५ चं, ते स्वतःच बघण्यासारखं आहे, बाहेर पडलं की पेलिकानस्ट्राटला दागिन्यांची दुकानं सुरू होतात. होव्हेनिर्सस्ट्राट गाड्यांना बंद आहे, कॅमेरे आणि पोलीस भरपूर, कारण ऑक्टोबर १९८१ मध्ये तिथल्या सिनेगॉगजवळ ट्रकमधला बॉम्ब फुटून तीन माणसं मेली होती. चालत जाता येतं, पण बोर्सच्या आत ओळखीशिवाय सोडत नाहीत आणि फोटो काढताना जरा जपून. पैलू पाडायची जुनी अवजारं बघायची असतील तर दिवा नावाचं म्युझियम आहे, २०१८ मध्ये उघडलेलं. शनिवारी जाऊ नका, सब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, बरीच दुकानं बंद असतात, शुक्रवारी पण दुपारच्या आत उरका.